बादली दिसली की पळणारा कुत्रा

मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो, तेव्हा भर दुपारी गल्लीतली कुत्री कुठे सापडतात ते पाहावं. कुलरमधून ठिबकणाऱ्या पाण्याने भिजलेली माती, नळाखालचा चिखल, गुरांच्या हौदाची ओली कड, पवनारजवळ धाम नदीचा उथळ काठ. पोट ओलाव्याला टेकवून ती तासन् तास पडून असतात. घरात पाळलेला कुत्राही संधी मिळाली की हेच करतो. पण रविवारी सकाळी बादली आणि शांपूची बाटली दिसली की तोच पलंगाखाली शिरतो, आणि घरातले म्हणतात, ‘याला पाण्याची भीती आहे.’ ही समजूत तपासून पाहायला हवी, कारण उपाय तिच्यावर ठरतो. दुपारच्या पाण्याकडे तो स्वतःहून जातो, नकोसं झालं की उठतो. पायाखाली माती असते आणि ओलं होतं ते पोट. रविवारी त्याला गळपट्टा धरून ओढत नेतात, दार लावून घेतात, गुळगुळीत फरशीवर उभं करतात आणि पहिला मग डोक्यावर ओततात. पाणी दोन्हीकडे आहे. सुटकेची वाट मात्र एकीकडेच आहे. म्हणून कुत्र्याची आंघोळीची भीती घालवायची तर आधी ती वाट त्याला परत द्यावी लागते.

यावर पहिला आक्षेप अनुभवाच्या बळावर येतो. घट्ट धरा, पाच मिनिटांत उरका, चार वेळा घातली की आपोआप सवय होते, असं अनेकजण सांगतात. त्यांचं निरीक्षण खोटं नाही. चार आंघोळींनंतर कुत्रा बरेचदा खरंच गप्प उभा राहतो. प्रश्न आहे तो त्या गप्पपणाच्या अर्थाचा. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हानिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर एक प्रयोग केला. प्रयोग क्रूर होता, पण त्याने दाखवलेलं विसरता येत नाही. विजेचे झटके आपल्याला काही करून थांबवता येत नाहीत, असा अनुभव घेतलेल्या कुत्र्यांना नंतर अशा जागी ठेवलं, जिथे एक ठेंगणा अडसर ओलांडला की सुटका होती. त्यांतल्या बहुतेकांनी उडी मारून पाहिलीच नाही. ती बसून सोसत राहिली. पुढे २०१६ मध्ये, मेंदूचा पन्नास वर्षांचा अभ्यास हाताशी आल्यावर, याच दोघांनी आपला जुना निष्कर्ष उलटा मांडला. दीर्घ त्रासापुढे निमूट होणं हे शिकलेलं नसतं, ती मेंदूची मूळचीच प्रतिक्रिया असते. शिकावं लागतं ते ‘इथे माझ्या हातात काहीतरी आहे’ हे. न्हाणीघरात शेपूट पोटाखाली घेऊन पुतळ्यासारखा उभा असलेला कुत्रा या नजरेने पाहावा. तो शांत झालेला नाही. आपलं काही चालत नाही, एवढंच त्याला कळलं आहे. आणि असा कुत्रा एखाद्या दिवशी अचानक चावतो, तेव्हा घरच्यांना ते विनाकारण वाटतं.

कोंडलेपण आणि पाणी यांची एकदा गाठ पडली की ती किती घट्ट बसते, याचाही दाखला आहे. सप्टेंबर १९२४ मध्ये लेनिनग्राडला मोठा पूर आला आणि इव्हान पावलोव्ह यांच्या प्रयोगशाळेतली कुत्री पिंजऱ्यांत अडकली. पाणी चढत गेलं. मोठ्या प्रयासाने त्यांना बाहेर काढलं. त्यांतली काही त्यानंतर पूर्वी शिकलेलं विसरून बसली, आणि पूर ओसरून बराच काळ गेल्यावरही दाराखालून पाण्याची बारीकशी धार खोलीत सोडली की घाबरून बिथरू लागली. आपल्या घरातली आंघोळ म्हणजे काही महापूर नाही, हे मान्य. पण आपल्याकडच्या कितीतरी पाळीव कुत्र्यांची सुरुवात रस्त्यावर झालेली असते, आणि रस्त्यावरच्या पिल्लाला हुसकावून लावायचं तर दुकानदार, हॉटेलवाला, घरातली माणसं पहिली गोष्ट करतात ती अंगावर पाणी फेकण्याची. अशा कुत्र्याने बादलीचा अर्थ ‘इथून पळ’ असा लावला, तर तो बरोबरच लावला आहे.

जनावराला विश्वासात घेऊन धुण्याची रीत आपल्या जिल्ह्याला नवी नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी होते. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेला बैलाचा खांदा शेकतात, त्याला हळद आणि लोणी चोळतात. दुसऱ्या दिवशी बैल नदीवर किंवा नाल्यावर नेतात. हिंगणघाटकडे वणा आहे, पवनारला धाम आहे, आर्वी आणि पुलगावकडे वर्धा. चांगला शेतकरी तिथे काय करतो? तो आधी स्वतः पाण्यात उतरतो. बैलाला काठाशी थांबू देतो, पाणी पिऊ देतो, मग खुरं भिजतात, मग गुडघे, आणि ओंजळीने पाणी पाठीवर पडायला लागेपर्यंत जनावर सैलावलेलं असतं. कुणी म्हणेल, बैलाला वेसण असते, तिथे कसली आली मर्जी? वेसण असते, आणि ती हिसडणारे, काठी चालवणारेही असतात. पण चारशे किलोंच्या आसपासचं जनावर पाण्यात उधळलं तर वेसणीने आवरत नाही, हे शेतकऱ्याला पक्कं ठाऊक असतं. म्हणून तो सबुरीने घेतो. कुत्र्याचं दुर्दैव असं, की तो उचलता येतो. उचलता येतो म्हणून त्याला विचारायची गरज आपल्याला वाटत नाही.

प्रत्यक्ष कामाला लागण्यापूर्वी एक गोष्ट तपासून घ्यावी: त्याला कुठे दुखतं आहे का. आजवर खुशाल आंघोळ करणारा कुत्रा एकाएकी टाळायला लागला, तर कारण बहुधा शरीरात असतं. कानात पू झालेला असेल, कातडीवर चट्टे असतील, वय झालेल्या कुत्र्याचे मागचे सांधे आखडले असतील. अशा कुत्र्यावर शिकवणीचा प्रयोग करणं म्हणजे दुखऱ्या दाताने ऊस खायला लावणं. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात एकदा दाखवावं. दुखणं गुंतागुंतीचं असेल तर नागपूरचं पशुवैद्यक महाविद्यालय सुमारे ७५ किलोमीटरवर आहे. त्यानंतर जागा. ज्या न्हाणीघरात आजवर झटापट झाली ते निदान काही महिने सोडून द्यावं. अंगण असेल तर अंगणात, गच्ची असेल तर गच्चीवर सावलीत, नाहीतर घराच्या मागच्या बाजूला नवी जागा निवडावी. बादली आणि मगही जमल्यास बदलावेत. आणि पायाखाली काहीतरी खरखरीत हवंच. गुळगुळीत टाइल ओली झाली की कुत्र्याची नखं आणि पंजाच्या गाद्या दोन्ही घसरतात, चारही पाय चार दिशांना जातात. पाय घसरत असताना कुणालाच कशाची खात्री वाटत नाही, आपल्यालाही नाही. जुनं पोतं ओलं करून पसरलं तरी पुरतं. रबरी मॅट असेल तर उत्तम. माझ्या मते या विषयात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित असा उपाय हे पोतंच आहे.

पाण्याचंही थोडं शास्त्र आहे. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला सुमारे ४५ हजारांपर्यंत. बंद, टाइल लावलेल्या खोलीत पत्र्याच्या बादलीत पडणारी धार त्याच्या कानांना किती बोचत असेल याचा अंदाज त्यावरून यावा. म्हणून बादली आधी भरून ठेवावी आणि मगच कुत्र्याला आणावं. पाइप किंवा शॉवर सुरुवातीला नकोच. पाणी कोमट असावं, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहावं. गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी एप्रिल-मेच्या दुपारी चटका देतं आणि डिसेंबरच्या पहाटे हाडं गोठवतं. बोअरचं ताजं पाणी वर्षभर फारसं बदलत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात तेच बरं. थंडीत त्यात गरम पाणी मिसळून घ्यावं.

आता मुख्य काम. १९२४ हे पावलोव्ह यांच्या कुत्र्यांच्या भीतीचं वर्ष. योगायोग असा, की भीती कशी उतरवावी याचा एक मूलभूत प्रयोगही त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स यांनी पीटर नावाच्या, तीन वर्षांच्या आतल्या मुलाची सशाची भीती घालवली. पीटर आवडीचं खात बसलेला असताना पिंजऱ्यातला ससा त्याला त्रास होणार नाही इतक्या अंतरावर ठेवायचा, आणि दिवसागणिक थोडा जवळ आणायचा. शेवटी पीटर सशाला हात लावू लागला. जोन्स यांनी एक इशाराही दिला होता: घाई केली तर उलटंच होईल, सशाची भीती खाण्याला चिकटेल. कुत्र्याच्या बाबतीत ससा म्हणजे बादली. पहिले काही दिवस फक्त त्या नव्या जागी पोत्यावर उभं राहायचं, चविष्ट काही खायचं आणि निघून जायचं, पाणी नाहीच. मग कोरडी बादली शेजारी. मग भरलेली बादली, पण तिला कुणी हात लावायचा नाही. मग ओल्या कापडाने पाठीवर एकदा हात फिरवायचा. नंतर मगने पाणी जमिनीवर, त्याच्यापासून दूर ओतायचं, मग जवळ, मग एका मागच्या पायावर. रोज दोन-तीन मिनिटं, त्याहून जास्त नाही. क्रम मात्र चुकवायचा नाही: आधी पाणी, लगेच पाठोपाठ खाऊ. खाऊ आधी दाखवला आणि मग पाणी टाकलं, तर खाऊ हीच धोक्याची सूचना होते, आणि चलाख कुत्रा चिकनचा वास आला की पलंगाखाली जायला लागतो. खाऊही भारी हवा. भाकर-पोळीचा तुकडा तो एरवीही खातो. इथे उकडलेलं चिकन, कलेजी, अंडं, पनीर असं काही द्यावं, आणि ते आंघोळीच्या सरावाखेरीज एरवी देऊ नये. ताटलीला दही चोपडून समोर धरलं तर चाटण्यात तो बराच वेळ रमतो. पहिली खरी आंघोळ येईपर्यंत दोन आठवडे लागोत की दोन महिने. त्या आंघोळीत पाणी पायांपासून वर न्यावं, मागून पुढे यावं. डोक्यावर पाणी ओतायचंच नाही. तोंड आणि कानांची बाहेरची बाजू ओल्या फडक्याने पुसावी, कानांत पाणी जाऊ देऊ नये.

या सगळ्यात जोर-जबरदस्तीची जागा निरीक्षणाने घ्यायची आहे. भुंकणं, गुरगुरणं ही भीतीची शेवटची भाषा. तिच्या आधी कुत्रा खूप काही बोलून जातो. खायला काही नसताना ओठ चाटतो, झोप आली नसताना जांभई देतो, मान फिरवतो, डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागतो, शेपूट आत जाते, अंग लाकडासारखं होतं. यांतलं काही दिसलं की एक पायरी मागे यावं. सर्वांत भरवशाची खूण मात्र खाण्याची आहे. स्वयंपाकघरात जी कलेजी तो झडप घालून खातो, ती बादलीपाशी नाकारत असेल, तर तुम्ही त्याच्या सहनशक्तीच्या पुढे गेला आहात. आणि त्याला निघून जायचं असेल तर जाऊ द्यावं. साखळी बांधू नये, दार लावू नये. पहिल्या दिवशी तो तीनदा जाईल. जाता येतं हे पटलं की परत येण्याचं प्रमाण वाढतं. २०१६ च्या त्या निष्कर्षाचा घरगुती अर्थ हाच. दोन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. आंघोळीसाठी त्याला नावाने हाक मारून बोलावू नये, नाहीतर उद्या रस्त्यावर गाडी येत असताना मारलेल्या हाकेलाही तो येणार नाही. आणि गुरगुरल्याबद्दल त्याला मारू नये. गुरगुरणं दडपलं तर चावण्यापूर्वीची सूचना तेवढी नाहीशी होते, चावा राहतोच. झटापटीत चावलाच, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवावी आणि लगेच डॉक्टरांकडे जावं, कुत्रा घरचा असला तरी.

असे लाड केले तर कुत्रा डोक्यावर बसेल, खाऊशिवाय काहीच करणार नाही, हा दुसरा आक्षेप. इथे भीती आणि हट्ट यांची गल्लत होते. हट्टाला दाद दिली तर हट्ट वाढतो, कारण हट्ट हे वागणं आहे. भीती ही भावना आहे. घाबरलेल्या जिवाला धीर दिला म्हणून तो अधिक घाबरत नाही. सराव पक्का झाला की खाऊ हळूहळू कमी करता येतो, कधी द्यावा, कधी पाठ थोपटून भागवावं. वेळ कुठून आणायचा, ही अडचण कामकरी घरांत खरी आहे. पण रोजची तीन मिनिटं महिन्याला दीड तास होतात. झटापटीच्या दोन आंघोळी, त्यापूर्वीची शोधाशोध आणि नंतरचं ओरखडे धुणं याला त्याहून कमी वेळ लागत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. तोवर कुत्र्याला वास येईल, गोचीड होतील, त्याचं काय? वासाचं उत्तर सोपं. निरोगी कुत्र्याला दर आठवड्याला आंघोळ लागतच नाही. बहुतेकांना महिन्या-दीड महिन्याने एकदा पुरते. मधल्या काळात केस विंचरावेत, ओल्या फडक्याने पुसावं. कुत्र्याची कातडी माणसाच्या कातडीपेक्षा पातळ असते आणि तिची आम्लताही वेगळी, त्यामुळे आपला अंगाचा साबण, कपड्याचा साबण, जंतुनाशक द्रव हे सगळं त्याला खाज आणतं, आणि खाजणारी कातडी पुन्हा आंघोळ नकोशी करते. कुत्र्यांसाठीचाच शांपू घ्यावा, आणि तो पूर्ण निघेपर्यंत धुवावं. गोचिडांचं प्रकरण वेगळं आहे. गोचिडाचं तोंड कातडीत रुतलेलं असतं, ते पाण्याने सुटत नाही. शिवाय आपल्या कुत्र्यांवरचा तपकिरी गोचीड आयुष्याचा मोठा भाग भिंतीच्या भेगांत, गोठ्याच्या फटींत काढतो, तिथेच अंडी घालतो. म्हणजे आंघोळ हा गोचिडांवरचा उपाय नव्हेच. पशुवैद्यांकडून मानेवर टाकायचं औषध किंवा गोळी घ्यावी, आणि औषध मानेवर टाकायचं असेल तर आंघोळ आणि औषध यांत किती दिवसांचं अंतर हवं ते विचारून घ्यावं. रॉकेल, फिनाइल, कपाशीवर फवारायचं कीटकनाशक, गुरांचं औषध अंदाजाने पातळ करून, असलं काहीही कुत्र्याच्या अंगाला लावू नये. कुत्रा अंग चाटतो, आणि अंगावरचं सगळं पोटात जातं. शेणात किंवा सडक्या मांसात लोळून आलेल्या कुत्र्याला सरावाची वाट पाहत ठेवता येत नाही, हेही खरं. त्या दिवशी शक्य तेवढं पुसून काढावं, आणि धुवावंच लागलं तर सरावाच्या जागी धुऊ नये. भीती टोकाची असेल तर पशुवैद्य आधी देण्यासाठी भीती कमी करणारं औषध सुचवू शकतात. माणसाच्या झोपेच्या गोळ्या मात्र कधीही देऊ नयेत.

पिल्लू आणलं असेल तर काम फार हलकं आहे. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी पिल्लांचा वर्षानुवर्षं अभ्यास करून १९६५ मध्ये जे मांडलं ते आज सर्वमान्य आहे: साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू ज्याला सरावतं, त्याची भीती त्याला पुढे सहसा वाटत नाही. आपल्याकडे गावठी कुत्र्यांची बहुतेक पिल्लं पावसाळ्यानंतर, थंडीच्या तोंडावर जन्मतात. म्हणजे शिकण्याचे हे मोलाचे आठवडे नेमके कडाक्याच्या थंडीत येतात, आणि मळलेलं पिल्लू घरी आणताच गार पाण्याने खसाखसा धुण्याची चूक तेव्हाच होते. त्या वयात आंघोळ नकोच. दुपारच्या उन्हात बसून कोमट फडक्याने पुसावं, पोत्यावर उभं करावं, बादलीशी खेळू द्यावं. आणि धूलिवंदनाच्या दिवशी पिल्लाला काय, मोठ्या कुत्र्यालाही घरात ठेवावं. मुलांनी कौतुकाने मारलेली एक पिचकारी महिन्याभराची मेहनत पुसून टाकते. रंगाने कातडीचं होणारं नुकसान वेगळंच.

हे सगळं थंडी सरायच्या आत पक्कं व्हावं, यालाही कारण आहे. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून अंग थंड करतो, आणि ४५ अंशांच्या हवेत ते पुरत नाही. चपट्या नाकाच्या पगसारख्या, दाट केसांच्या, लठ्ठ किंवा म्हाताऱ्या कुत्र्यांना तर मुळीच पुरत नाही. जोराची धाप, घट्ट चिकट लाळ, लालभडक हिरड्या, लटपटणारे पाय, उलटी ही उष्माघाताची लक्षणं. अशा वेळी दवाखान्याकडे पळण्याआधी त्याला सावलीत घेऊन अंगभर थंड पाणी ओतायचं असतं, कुलरची किंवा पंख्याची हवा द्यायची असते, आणि पाणी ओतणं चालू ठेवूनच निघायचं असतं. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नये, त्यात उष्णता अडकते. टाकीचं तापलेलं पाणीही नको, बोअरचं घ्यावं. बादली पाहताच जिवाच्या आकांताने झुंजणारा कुत्रा या दहा मिनिटांत स्वतःचं अंग आणखी तापवून घेतो. पोत्यावर उभं राहून पाठीवर पाणी घ्यायला शिकलेला कुत्रा उभा राहतो, किंवा पाय उरले नसतील तर आडवा पडतो, आणि तुम्हाला पाणी ओतू देतो.